यंत्राला वळते, पण कळत नाही

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. २०१६ पासून चालत आलेल्या या योजनेत सुमारे १० हजार शाळांना अशी प्रयोगशाळा आधीच मिळाली आहे. पुढच्या टप्प्यात आणखी थ्रीडी प्रिंटर येतील, काही ठिकाणी संगणकाच्या सूचनांबरहुकूम कापणारी-कोरणारी छोटी सीएनसी यंत्रेही येतील. उद्घाटनाला पाहुणे आले की ठरलेला प्रयोग होईल: मुलगी पडद्यावर चित्र उघडेल, बटण दाबेल आणि यंत्र ते चित्र लाकडातून कापून देईल. टाळ्या पडतील. चित्र आणि लाकूड यांच्यामध्ये काय घडले, हे मात्र पाहुण्यांना दिसणार नाही आणि बहुधा मुलीलाही कोणी सांगितलेले नसेल. चित्रातली रेषा कटरच्या वाटेत, म्हणजे टूलपाथमध्ये, उतरवण्याचा हा मधला टप्पा हेच या यंत्रावरचे खरे शिक्षण आहे. तो बटणाआड गेला तर प्रयोगशाळेत यंत्र येईल आणि विद्या दाराबाहेरच राहील. शिवाय तो शिकवायला महागडे यंत्र लागत नाही. लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, तीन स्टेपर मोटर, एक छोटा कंट्रोलर आणि कटर फिरवणारा एक राउटर एवढ्यावर जुळवलेले घरगुती सीएनसी त्यासाठी अधिक चांगला गुरू ठरते, असे माझे म्हणणे आहे.

पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवताना आपण छापील ‘क’ दाखवून थांबत नाही. गिरवायच्या पुस्तकात त्या ‘क’वर बाण असतात आणि बाणांना क्रमांक असतात. इथून सुरू कर, असा गोल ये, इथे हात उचल, शेवटी वरची रेघ दे. छापील अक्षर आणि बाणांचे अक्षर यांत जो फरक आहे, तोच संगणकावरचे चित्र आणि टूलपाथ यांत आहे. चित्र फक्त शेवट सांगते. टूलपाथला सुरुवात, दिशा, क्रम, खोली, वेग आणि हात उचलण्याची जागा हे सगळे सांगावे लागते. माणसाच्या बाबतीत आपण म्हणतो, कळते पण वळत नाही. यंत्राचे नेमके उलट आहे. त्याला हवे तसे वळते, कळत मात्र काहीच नाही. म्हणून कळण्याची सगळी जबाबदारी बाण काढणाऱ्यावर येते.

साधे उदाहरण घेऊ. प्लायवूडमधून ‘गौरव’ हे घराचे नाव एकसंध, शिरोरेषेने जोडलेल्या अक्षरांत कापून काढायचे आहे. पडद्यावर शब्द अखंड दिसतो, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. डोळ्याला ते एक दिसतात. कटर मात्र प्रत्येक अक्षराची कड इमानदारीने पुरी करतो आणि जोडाच्या जागीच शिरोरेषा चिरतो. शब्द सुटा होऊन हातात येतो. म्हणून आधी चित्र-सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरे एकजीव करावी लागतात. कोरेलड्रॉमध्ये त्याला ‘वेल्ड’ म्हणतात, इंकस्केपमध्ये ‘युनियन’. पुढचा प्रश्न जाडीचा. रेषेला जाडी नसते, कटरला असते. ६ मिलिमीटरच्या कटरचा मध्य थेट रेषेवरून नेला तर तो दोन्ही बाजूंनी ३-३ मिलिमीटर खातो आणि १० मिलिमीटर रुंदीचा दंड ४ मिलिमीटरचा उरतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. म्हणून बाहेरच्या कडेसाठी वाट ३ मिलिमीटर बाहेरून आणि पोकळीसाठी ३ मिलिमीटर आतून न्यावी लागते. ‘व’च्या पोटातली पोकळी ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर कटर तिथे मावतच नाही आणि पुष्कळदा सॉफ्टवेअर तेवढी वाट गाळून टाकते. पाटीवर पोट भरलेला ‘व’ उमटतो. क्रमही विचारपूर्वक ठरवावा लागतो. आधी आतल्या पोकळ्या आणि मग बाहेरची कड, कारण बाहेरची कड सुटली की तुकडा हलतो आणि हलत्या तुकड्यात नेमके भोक पडत नाही. बाहेर कापतानाही मधे मधे छोटे पूल ठेवावे लागतात, नाहीतर सुटलेले अक्षर फिरत्या कटरच्या तावडीत सापडते. यातले एकही उत्तर मूळ चित्रात लिहिलेले नसते.

मापाचेही तसेच. इंकस्केप या मुक्त चित्र-सॉफ्टवेअरने २०१७ च्या आवृत्तीत एका इंचात ९० ऐवजी ९६ बिंदू धरायला सुरुवात केली. वेबच्या मानकाशी जुळण्यासाठी हा बदल योग्यच होता, पण जुनी फाइल तपासणी न करता नव्या हिशेबाने वाचली तर १०० मिलिमीटरची फळी ९३.७५ मिलिमीटरची होते. पडद्यावर वर-खाली सरकवता येणाऱ्या चित्रात हा फरक कोणाच्या लक्षात येणार? फळी चौकटीत बसेना की मगच तो उमजतो. यंत्राला मिलिमीटरऐवजी इंचाची सूचना गेली तर चूक थेट २५.४ पटींची होते. वक्ररेषांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. आज चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ओढली जाणारी लवचीक रेषा बेझिए यांच्या नावाने ओळखली जाते. पिएर बेझिए हे रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतले अभियंते. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी १९५९ पासून तेच गणित स्वतंत्रपणे मांडले होते. दोघांनाही मोटारीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत बांधायचे होते. म्हणजे लग्नपत्रिकेवरची आजची वेलबुट्टी ज्या रेषेने काढली जाते, ती मुळात कारखान्यातली रेषा आहे. पण घरगुती यंत्राच्या कंट्रोलरला ती समजत नाही. त्याला सरळ रेषा आणि वर्तुळाचा कंस एवढेच येते. म्हणून प्रत्येक बाक छोट्या छोट्या रेघांत तोडावा लागतो. रेघा मोठ्या ठेवल्या तर बाकाला पैलू पडतात. फार बारीक केल्या तर हजारो ओळी तयार होतात आणि छोटा कंट्रोलर अडखळत चालतो. किती चूक चालेल, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. सुतार ‘सूतभर’ म्हणतो तेव्हा तो हाच निर्णय घेत असतो. त्याचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

यानंतर माल आपले म्हणणे मांडतो. दोन धारांचा कटर मिनिटाला १६,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटरचा काप काढावा असे ठरवले, तर कटर मिनिटाला १,६०० मिलिमीटर या वेगाने पुढे सरकला पाहिजे. नवखा माणूस हा आकडा पाहून बिचकतो आणि वेग २०० वर आणतो. मग प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम सहा मायक्रॉन लाकूड येते. इतक्या पातळ थरात धार शिरत नाही, ती नुसती घासते. भुशाऐवजी धूर निघतो, कड काळी पडते आणि कटर तापून बोथट होतो. सावकाश म्हणजे सुरक्षित, ही आपली समजूत इथे उलटी पडते. यंत्राची चौकट थरथरत असेल तर वेग इतका तोडण्यापेक्षा एका फेरीची खोली किंवा राउटरचे फेरे कमी करणे शहाणपणाचे असते. १८ मिलिमीटरचे प्लायवूड दोन-दोन मिलिमीटरच्या नऊ फेऱ्यांत कापावे. हे गणित चौथी-पाचवीच्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. पण ते का करायचे, हे धूर पाहिल्यावर जितके पटते तितके फळ्यावर पटत नाही.

हे ज्ञान कोणाजवळ असावे, हा प्रश्न या तंत्राइतकाच जुना आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. त्यांच्या पात्याच्या आकाराचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर गणिताने काढले जात आणि आकड्यांचा तक्ता पाहून चालक हाताने चाके फिरवत. मोटर हे काम आकड्यांवरून स्वतः करील, या कल्पनेला अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला आणि एमआयटीच्या प्रयोगशाळेने १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखवले. त्याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती. निष्णात कारागिराने पहिला नग हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करून दाखवायच्या. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की आकड्यांच्या वाटेची निवड केवळ तांत्रिक नव्हती. कामाचा ताबा कारागिराच्या हातून व्यवस्थापनाच्या टेबलावर नेण्याची इच्छाही तिच्यामागे होती. नोबल यांचे सगळेच पटले पाहिजे असे नाही. विमानाच्या पंखाचे काही आकार हाताने एकदाही नीट करता येण्याजोगे नव्हते आणि तिथे आकड्यांना पर्याय नव्हता. पण त्यातून जी विभागणी रुळली ती आजही आपल्या औद्योगिक वसाहतींत दिसते. प्रोग्रॅमर केबिनमध्ये, सेटर आणि ऑपरेटर यंत्रापाशी. एकाने लिहायचे, दुसऱ्याने जॉब बांधायचा, तिसऱ्याने बटण दाबायचे. ऑपरेटरला जळका वास येतो, पण वाट बदलण्याचा अधिकार नसतो. प्रोग्रॅमरला अधिकार असतो, पण वास येत नाही.

घरगुती सीएनसीचे महत्त्व इथे आहे. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये ‘जीआरबीएल’ हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला आणि अवघ्या २ किलोबाइट स्मृतीच्या आर्डुइनो बोर्डावर तीन अक्षांचे यंत्र चालू लागले. अशा यंत्रापुढे चित्र काढणारा, वाट आखणारा, जॉब बांधणारा आणि भुसा झाडणारा एकच माणूस असतो. चूक कोणाच्या टेबलावर ढकलता येत नाही. कापताना नाकात गेलेला धूर त्याच संध्याकाळी फाइलमधल्या वेगाच्या आकड्यात परत येतो. कारखान्याने वेगळे केलेले हात आणि डोके इथे पुन्हा एका धडावर येतात. शाळेला किंवा आयटीआयला याहून मोलाचे काय हवे?

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे आता सॉफ्टवेअर आपोआप करते आणि उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता उरलेलेही करील. पहिला भाग खरा आहे. कटरच्या त्रिज्येचा हिशेब हाताने करत बसा, असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण टूलपाथ बनवणारे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की ते आधी प्रश्न विचारते: कटर कोणता, माल कोणता, खोली किती, वेग किती, शून्य कुठे धरायचा? उत्तरे ठाऊक नसलेला माणूस आधीपासून भरलेले आकडे तसेच ठेवतो आणि कोणा दुसऱ्याच्या यंत्रासाठी ठरलेली वाट स्वतःच्या लाकडावर चालवतो. थ्रीडी प्रिंटरवर हे बरेचसे खपून जाते, कारण तिथला प्लास्टिकचा धागा ठरलेल्या जाडीचा, ठरलेल्या गुणांचा असतो आणि प्रिंटर मोकळ्या जागेत भर घालतो. कटरला आधीच असलेल्या वस्तूतून वाट काढायची असते. तिथे रेषा कोणत्या दिशेने धावतात, गाठ कुठे आहे, शिकंजा कुठे आवळला आहे, हे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तम वाट सुचवली तरी ‘ही शिकंज्यातून जाते, नको’ असे म्हणता येणारा माणूस लागेलच. निबंधातली चूक नंतर खोडता येते. १६,००० फेऱ्यांनी फिरणारा कटर लोखंडी शिकंज्याला भिडला की खोडायला काही उरत नाही.

वाट अशी वाचता येण्याला आणखी एक बाजू आहे. टूलपाथ शेवटी जी-कोड नावाच्या साध्या मजकुरात उतरतो. जी-० म्हणजे हवेतून झटकन जा, जी-१ म्हणजे ठरल्या वेगाने कापत जा, जी-२ आणि जी-३ म्हणजे कंस. दहा-बारा शब्दांची ही भाषा आठवड्यात वाचता येते. २०२० साली ऑटोडेस्क कंपनीने आपल्या फ्यूजन ३६० या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या विनामूल्य आवृत्तीतून काही सोयी काढून घेतल्या. त्यांत झटकन जाण्याची सूचनाही होती. तिच्या जागी कापण्याच्या संथ वेगाची सूचना येऊ लागली आणि कामे रेंगाळू लागली. काय विनामूल्य द्यायचे हे ठरवण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. ज्यांना मजकूर वाचता येत होता त्यांनी जिथे कटर हवेत आहे तिथल्या ओळी ओळखून त्या पुन्हा दुरुस्त केल्या. ज्यांना येत नव्हता त्यांच्यापुढे पैसे भरणे किंवा वाट पाहत बसणे एवढेच उरले. साक्षर असण्या-नसण्यातला फरक याहून वेगळा तो काय?

दुसरा आक्षेप कारखानदारांचा आणि तो वजनदार आहे. घरगुती यंत्र लेचेपेचे असते, पोलादाचे काम त्यावर होत नाही, मग त्यावर शिकलेला मुलगा आमच्या मोठ्या मशीनवर काय करणार? आयटीआयच्या मशिनिस्टला खरे औद्योगिक यंत्र हाताळायला मिळालेच पाहिजे, त्याची जागा लाकडी चौकट घेऊ शकत नाही. काही गोष्टी छोट्या यंत्रावर नसतातच. मोठ्या कंट्रोलरवर कटरच्या त्रिज्येची भरपाई यंत्रापाशीच देता येते आणि धार झिजली की ऑपरेटर ऑफसेट बदलतो. जीआरबीएलमध्ये ती सोय नाही. पण शिकण्याच्या पहिल्या वर्षी लेचेपेचेपण हाच गुण ठरतो. जड यंत्र चुकीची वाटही मुकाट्याने दामटून नेते. हलके यंत्र लगेच थरथरते, किंचाळते, पावले चुकते. शिवाय दोघांची भाषा एकाच आरएस-२७४ या अमेरिकी मानकाच्या कुळातली आहे. छोट्या यंत्रावर जी-२ वाचायला शिकलेल्याला मोठ्यावर तो नव्याने शिकावा लागत नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा. फिरता कटर हे मुलांच्या खेळायची वस्तू नाही आणि लाकडाची, विशेषतः एमडीएफची, बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. चष्मा, मुखपट्टी, धूळ ओढणारा पंखा, हाताशी तात्काळ बंद करण्याचे लाल बटण आणि शेजारी जाणता माणूस यांशिवाय यंत्र सुरू करू नये, यावर वाद नको. पण टूलपाथ शिकायला पहिले काही महिने कटर लागतच नाही. त्याच यंत्राला राउटरऐवजी पेन बांधावे आणि खाली आलेखाचा कागद अंथरावा. नववी-दहावीच्या पुस्तकात निर्देशक भूमिती आहेच. तिथले बिंदू मुलांनी स्वतः जी-कोडमध्ये लिहावेत आणि पेन कुठे उमटते ते पाहावे. काही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये खालच्या दिशेने वाढणारा अक्ष यंत्रावर वरच्या दिशेने वाढतो आणि म्हणून नाव उलटे येते, हा धडा कागदावर शिकायला एका पेनाचीच शाई लागते. पेनानंतर मेण किंवा फोम आणि सगळ्यात शेवटी लाकूड.

राहिला हस्तकारागिरांचा प्रश्न. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांपासून देव्हाऱ्यांच्या नक्षीपर्यंत हाताने होणाऱ्या कामावर ही यंत्रे घाला घालतील, ही भीती खोटी नाही. तयार फाइल विकत घेऊन एकसारखी नक्षी काढणारी दुकाने वाढली आहेत आणि काही काम हातून जाणारच. पण ते यंत्राला आडवे जाऊन थांबणार नाही. कोणत्या बाजूने छिन्नी मारली तर चिरफळी उडत नाही, कोणता भाग शेवटपर्यंत जाड ठेवावा, हे कारागिराचे ज्ञान नेमके टूलपाथमध्ये भरायचे ज्ञान आहे. विकतच्या फाइलमध्ये ते नसते, कारण ती ज्याने बनवली त्याने हे लाकूड पाहिलेले नसते. तेव्हा गवंडी-सुतारांच्या मुलांना चित्र शिकवून सोडून देण्याऐवजी वाट आखायला शिकवले, तर घरातले ज्ञान यंत्राच्या बाजूने उभे राहील आणि त्याची किंमतही त्यांनाच मिळेल.

हे महाराष्ट्राला परके नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्याच्या तत्त्वावर. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकचालित यंत्रांची खुली कार्यशाळा, २००२ मध्ये उभी राहिली ती याच गावात. म्हणजे यंत्र विकत आणण्याआधी काम आणि शिकणे यांची सांगड घातलेली होती, यंत्र मागून आले. नव्या प्रयोगशाळांनी हाच क्रम पाळावा. निधीतला काही भाग तयार यंत्राऐवजी जुळवायच्या सुट्या भागांवर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा, सॉफ्टवेअर मुक्त असावे आणि मुलांच्या प्रकल्पाचे गुण वस्तूच्या देखणेपणावर देऊ नयेत. पाटी कितीही सुबक असली तरी ती फाइल विकत आणूनही होते. परीक्षकाने ‘गौरव’ हातात घेऊन एवढेच विचारावे: कटर पहिल्यांदा कुठे टेकला, आणि तिथेच का? ज्या मुलीला उत्तर देता येईल, तिची शिरोरेषा किंचित वाकडी आली तरी तिला पूर्ण गुण द्यावेत.